किल्लीमामांचा आतला रस्ता

किल्लीमामांना भुताची भीती वाटत नसे, कुत्र्याची वाटत नसे, उंच शिडीचीही नाही. परक्याच्या अंधाऱ्या घरात सगळ्यांच्या आधी शिरून भिंतीवर दिव्याचं बटण चाचपडणं हा तर त्यांचा धंदाच होता. पण गाडीच्या आरशात मागे पोलिसांची गाडी दिसली, की या धीट माणसाची पाचावर धारण बसायची. तोंडाला कोरड, पाठीला घाम, आणि पाय ब्रेकवर ठेवावा की नाही हेच सुचेनासं व्हायचं. कारण ब्रेक दाबला आणि मागचा दिवा लागलाच नाही, तर पुढे काय होतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मामा कुलूपवाले. एका बाजूला केस कापायचं सलून, दुसऱ्या बाजूला चपला शिवणारा, आणि मधल्या चिंचोळ्या गाळ्यात मामांचं दुकान. गाळ्यामागेच दोन खोल्यांचं घर. त्यांचं खरं नाव फक्त परवान्यावर होतं. बाकी सगळ्या गावाला ते किल्लीमामा, आणि त्या नात्याने त्यांची बायको मामी. स्वतःला मूलबाळ नव्हतं, पण मामा-मामी म्हणणारे इतके, की मामी म्हणायच्या, "एवढ्या भाच्यांतला एक जरी पाणी भरायला आला असता तर बरं झालं असतं."

दुकानात बसून किल्ल्या घासायचं काम अर्धंच. उरलेलं अर्धं रस्त्यावरचं. कुणी दार ओढून घेतलं आणि किल्ली आत राहिली, कुणाची चिमुरडी न्हाणीघरात अडकली, कुणाच्या म्हातारबुवांनी कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते म्हातारबुवांबरोबरच गेलं. फोन यायचा आणि मामा निघायचे. त्यासाठी एक जुनी निळी गाडी होती. तिची मागची सीट काढून मामांनी तिथे फळ्या ठोकल्या होत्या, आणि फळ्यांवर ती पिशवी.

पिशवीत काय होतं ते सांगितलंच पाहिजे, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. कुलपं उघडायच्या बारीक वाकड्या सळया, कानशी, ड्रिल, पहार, दाराच्या फटीत सरकवायच्या पातळ पट्ट्या, एक टॉर्च, आणि मोठ्या कड्यांमध्ये ओवलेल्या किल्ल्यांचे झुबकेच्या झुबके. कुलूपवाल्याची पिशवी आणि घरफोड्याची पिशवी यांत फरक एवढाच, की एक कुलूपवाल्याच्या हातात असते. आता हा फरक रस्त्याच्या कडेला, टॉर्चच्या उजेडात, घाबरलेल्या माणसाने गणवेशातल्या माणसाला कसा समजावून सांगायचा?

पहिल्यांदा झालं ते असं. मामा एका घराचं दार उघडून परत येत होते. मागून पोलिसांची गाडी आली, दिवा फिरला, मामांनी गाडी कडेला घेतली. पोलीस खिडकीशी आला तो सभ्यपणानेच. म्हणाला, "नंबरप्लेटवरचा दिवा गेलाय तुमचा." मामा म्हणाले, "हो का? उद्याच बसवतो." गोष्ट तिथे संपायला हवी होती. एक टिचभर दिवा, त्याने ना कुणाला धडक बसणार होती ना कुणाचा जीव जाणार होता. पण पोलिसाने बोलता बोलता टॉर्च मागे फिरवला. फळीवरच्या झुबक्यांवर उजेड पडला, आणि त्याचा आवाजच बदलला.

"एवढ्या किल्ल्या कोणाच्या?"

"लोकांच्या," मामा म्हणाले.

उत्तर शंभर टक्के खरं होतं, आणि याहून वाईट उत्तर शोधून सापडलं नसतं. पुढच्याच क्षणी मामा फुटपाथवर मांडी घालून, दोन्ही हात डोक्यामागे धरून बसले होते, आणि त्यांची पिशवी रस्त्यावर उलटी केलेली होती. कुलपांच्या पोटातल्या बारीक पिना मामांनी आकाराप्रमाणे डब्यांत लावून ठेवलेल्या असायच्या. त्या सगळ्या डांबरावर सांडल्या, काही गटारात गेल्या. येणारेजाणारे थांबून बघत होते. मामांनी मान खाली घातली, पण मान खाली घातली म्हणून माणूस दिसायचा थोडाच थांबतो? मग चौकी, मग रात्रभर आतल्या खोलीतल्या बाकावर. मामी दुकानाचा परवाना घेऊन रात्रभर चौकीत बसून राहिल्या, तेव्हा कुठे सकाळी त्यांना सोडलं. साहेबांनी माफी वगैरे मागितली नाही. "दिवा तेवढा बसवून घ्या," म्हणाले.

दिवा बसवून घेतला. पण कुलूपवाल्याकडे विकायला असतं काय? लोक त्याच्या हातात आपल्या घराची किल्ली देतात, ती त्याच्याकडे बघून. मोठ्या रस्त्यावरच्या एका इमारतीच्या सगळ्या जादा किल्ल्या मामांकडे असायच्या. त्या इमारतीच्या व्यवस्थापकाने मामांना फुटपाथवर बसलेलं पाहिलं होतं. चार दिवसांनी तो दुकानात आला, आणि किल्ल्यांचा अख्खा झुबका परत घेऊन गेला. "गैरसमज नको हं मामा," असं जाताना तीनतीनदा म्हणाला. मामांना गैरसमज मुळीच झाला नाही. सगळं नीट समजलं.

त्यानंतर थांबवणं सुरूच राहिलं. कधी आरशाला तडा गेलाय म्हणून, कधी आरशाखाली सुवासाचा कागद टांगलाय म्हणून, कधी बंपर एका बाजूने लोंबतोय म्हणून. निमित्त तेवढं वेगळं, पुढचं सगळं तेच. टॉर्च, झुबके, "खाली उतरा", आणि पिशवी रस्त्यावर. घरी आल्यावर मामी चष्मा लावून बसायच्या आणि धान्य निवडावं तशा त्या पिना ताटात पसरून आकाराप्रमाणे वेगळ्या करायच्या. मामा समोर बसून नुसते बघत राहायचे. हात इतके थरथरत असायचे, की त्यांना पिन धरताच यायची नाही.

मग मामांनी आपले नियम केले. गाडी बाहेर काढायची झाली की मामींनी मागे येऊन उभं राहायचं.

"डावा?" मामा आतून विचारायचे.

"लागला."

"उजवा?"

"लागला."

"ब्रेक?"

"दोन्ही लागले. जा आता."

भांडण झालेलं असलं, अबोला असला, तरी हे चुकायचं नाही. अबोल्यात मामी तोंडाने काही न बोलता डिकीवर टकटक करायच्या. एकदा टक म्हणजे लागला. सलूनवाला दारात उभा राहून कात्री हलवत म्हणायचा, "मामा, गाडी काढताय का विमान?" मामा हसायचे, पण उतरून स्वतः एकदा बघून यायचे ते यायचेच. स्वयंपाकघरातल्या खणात अंड्यांच्या पुठ्ठ्यात अंड्यांऐवजी बल्ब ठेवलेले असायचे. बाहेर कुठे थांबावं लागलं तर मामा काचेच्या दुकानासमोर पाठ करून गाडी लावायचे, म्हणजे काचेत मागचे दिवे दिसतात.

आणि सगळ्यात मोठा नियम, मोठ्या रस्त्याने जायचं नाही. गोदामांच्या मागून, रेल्वेच्या कडेने, धोबीघाटाच्या बोळातून असा एक रस्ता मामांनी शोधून काढला होता. त्याला ते 'आतला रस्ता' म्हणायचे. लांबचा, खड्ड्यांचा, पण तिथे पोलिसांची गाडी सहसा फिरकत नसे. मामी म्हणायच्या, "चोर नाही ते नाही, पण चालता मात्र चोरासारखेच." मामांना ते लागायचं. पण ते जात राहिले आतल्याच रस्त्याने.

फुटपाथच्या त्या प्रकारानंतर बरीच गिऱ्हाइकं तुटली, पण एक बाई मात्र उलट मुद्दाम आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. एकट्या राहायच्या, जीभ तिखट, आणि निम्म्या गावाला त्यांनी कान धरून शिकवलेलं. दुकानाच्या फळीवर काठी आपटून म्हणाल्या, "काय रे, तू चोर आहेस म्हणे?"

मामा हातातली कानस खाली ठेवून उठून उभे राहिले.

"मग असं कर," बाई म्हणाल्या, "तुझ्यासारख्या चोरालाही उघडणार नाही असं कुलूप मला बसवून दे. पोलिसांची खात्री पटेल, आणि मला झोप लागेल."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बाईंच्या दाराला आपल्या हयातीतलं सगळ्यात चांगलं काम केलं. दार पोलादी, चौकट पोलादी, आणि कुलूप असं, की आतून किल्ली लावलेली असली तर बाहेरून दुसरी किल्ली चालणार नाही, सळई शिरणार नाही, पहार घातली तर पहार वाकेल. ते बाहेरून उघडायची एकच जागा होती. कुलपाच्या पत्र्यावर एका ठिकाणी ड्रिल नेमकं धरलं तर आतला खटका तुटतो. ती जागा मामांनी कुणाला सांगितली नाही. बाईंनासुद्धा नाही. पुढे बाई जाता येता दुकानासमोर थांबून विचारायच्या, "काय रे किल्लीवाल्या, मला फोडता येईल का माझं दार?" मामा म्हणायचे, "बाई, तुम्हालाच काय, सरकारलाही येणार नाही." दोघंही खूश व्हायची.

आता पोलिसांचाच नियम बदलला त्याचं सांगतो. एका वर्षी वरून हुकूम निघाला, की गाडीच्या फुटकळ दोषांसाठी पोलिसांनी कुणाला रस्त्यात थांबवायचं नाही. एखादा दिवा गेला, आरशाला तडा गेला, नंबरप्लेट अंधुक झाली, तर नंबर टिपून घ्यायचा आणि घरी सूचना पाठवायची. मालकाने मुदतीत दुरुस्ती करून घ्यायची. खरोखर धोका असला तरच गाडी थांबवायची. सलूनवाल्याने पेपर वाचून दाखवला आणि वर म्हणाला, "मामा, आता एक डोळा मिटून फिरलात तरी कोणी विचारणार नाही."

मामींनी तो कागद मागून घेतला, दोनदा वाचला, आणि कितीतरी वर्षांनी त्यांचा चेहरा सैल पडला. त्या दिवशी त्या गुणगुणत भांडी घासत होत्या. खणातले बल्ब संपत आले तरी त्यांनी नवीन आणले नाहीत. मामांनी मात्र कागद बाजूला सरकवला. म्हणाले, "अगं, दिव्यासाठी नाही थांबवणार, तर आणखी कशासाठी थांबवतील. त्यांना काय, कारण सापडतं." मामी चिडल्या. "तुम्हाला भीतीचीच सवय झालीय," म्हणाल्या. सवय म्हणा, काही म्हणा, आरशात ती गाडी दिसली की पोटात गोळा यायचाच, आणि त्या गोळ्याला कुठल्या हुकमाची प्रत कुणी पाठवली नव्हती.

मग ती संध्याकाळ आली. उजेड कमी होत होता, मामा दुकान आवरत होते, आणि फोन वाजला. मास्तरीणबाईंच्या समोरच्या दारात राहणारी शिंपीण बोलत होती.

"मामा, बाई पडल्यात घरात. आतून आवाज येतोय, पण बोलणं कळत नाहीये, जीभ जड झाल्यासारखी. अँब्युलन्स आलीय, माणसं स्ट्रेचर घेऊन दारात उभी आहेत. दार हलत नाही हो. आतून किल्ली लावलीय. बंबवाल्यांना फोन केला तर ते दुसऱ्या टोकाला आगीवर गेलेत. तुम्ही या लवकर. अँब्युलन्सवाले म्हणतात, एकेक मिनिट महत्त्वाचं आहे."

मामांनी पिशवी उचलली आणि धावतच गाडीत बसले. मामी मागे जाऊन उभ्या राहिल्या. डावा लागला, उजवा लागला.

"ब्रेक?"

मामी वाकून डाव्या दिव्याजवळ गेल्या.

"अगं, ब्रेक?"

"डाव्या बाजूचा नाही लागला," मामी म्हणाल्या. मग लगेच खिडकीशी आल्या. खणात एकही बल्ब नाही हे दोघांनाही माहीत होतं. "असू दे. तुम्ही जा. आता नाही थांबवत त्यासाठी. पुलावरून सरळ जा, ऐकताय ना? सरळ पुलावरून."

"हो, हो," मामा म्हणाले, आणि त्यांच्या मनातही तेच होतं. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त बाईंचं दार होतं, आणि पत्र्यावरची ती एक जागा.

पुलाच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी होती. नुसती उभी. आतला माणूस काहीतरी पीत होता आणि रस्त्याकडे बघतसुद्धा नव्हता. मामांच्या पुढे चौकात गाड्या थांबल्या होत्या. म्हणजे त्यांना ब्रेक दाबावा लागणार होता, आणि त्या गाडीच्या अगदी नाकासमोर एकच दिवा लागणार होता. मग टॉर्च. मग झुबके. मग "एवढ्या किल्ल्या कोणाच्या?" आणि फुटपाथवर हात डोक्यामागे, आणि तिकडे बाई दारापाठी. पोलिसांनी धरलं तर आपण बाईंपर्यंत पोचणारच नाही, असं मामांनी स्वतःला सांगितलं. म्हणजे बाईंसाठीच आतून गेलेलं बरं. भ्यालेल्या माणसाचं डोकं किती छान चालतं बघा. मामांनी गाडी डावीकडे वळवली.

गोदामांच्या मागे अंधार होता. खड्ड्यांतून गाडी आपटत होती, मागे किल्ल्या खळखळत होत्या. मामा मोठ्याने म्हणत होते, "आलो बाई, आलो." आणि रेल्वेपाशी पोचले, तर फाटक बंद.

आतल्या रस्त्यावर फाटक आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. रोजच्या कामांत ते दोनपाच मिनिटं थांबायचे, पाणी प्यायचे, फाटक उघडलं की निघायचे. फाटकाचा विचार कधी घाईत केलाच नव्हता. आता तिथे थांबले, आणि मालगाडी आली. डब्यामागून डबा, डब्यामागून डबा, रमतगमत. मध्येच ती उभीच राहिली. मामांनी स्टिअरिंगवर मूठ आपटली. मागे वळून पुलावर जावं, तर मागे एक ट्रक येऊन उभा राहिलेला. फोन वाजला.

"मामा, कुठे आहात?" शिंपीण रडत होती. "आतला आवाज बंद झाला हो."

"पोचतोच आहे," मामा म्हणाले. "हे काय, आलोच." फोन ठेवला आणि समोरच्या डब्याकडे बघत राहिले. त्या दाराची ती जागा आपण कुणाला तरी सांगून ठेवायला हवी होती, एवढाच एक विचार डोक्यात फिरत होता. फोनवर सांगावी तर ड्रिल त्यांच्याकडे, आणि ड्रिल इथे.

शेवटी एकदाचं फाटक उघडलं. मामा बाईंच्या इमारतीचा जिना चढून वर गेले तेव्हा अँब्युलन्सची माणसं भिंतीला टेकून उभी होती. शिंपीण तोंडावर हात धरून बसली होती. आणि दारासमोर एक तरुण पोलीस गुडघ्यावर बसून, फटीला तोंड लावून बोलत होता, "आजी, ऐकू येतंय ना? माणूस येतोय. झोपू नका."

गणवेश बघितला आणि मामा जिन्याच्या वरच्या पायरीवरच थांबले. पिशवी उघडायची ती याच्यासमोर. त्यांनी चेन ओढली, झुबके खळकन बाहेर आले, आणि मामांच्या तोंडून आपोआप निघालं, "साहेब, माझ्याकडे परवाना आहे."

"मामा, ते राहू दे हो," पोलीस म्हणाला. त्याने टॉर्च काढला आणि उजेड बरोबर कुलपावर धरला. "तुम्ही उघडा फक्त."

मामांनी ड्रिल धरलं. हात इतका कापत होता, की टोक पत्र्यावरून घसरलं, ओरखडा उठला. पुन्हा घसरलं. तेव्हा त्या पोलिसाने आपला हात मामांच्या हाताखाली आधाराला दिला. मामांच्या अंगावर शहारा आला. पण टोक जागेवर बसलं, खटका तुटला, आणि दार उघडलं.

बाई बोळकांडीत एका कुशीवर पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, डोळे उघडे. त्यांनी मामांना ओळखलं. ओठ हलले, आणि नुसती लाळ आली. अँब्युलन्सवाल्याने त्यांची नाडी बघितली, हात वर उचलून सोडून बघितला. स्ट्रेचर उचलता उचलता तो दुसऱ्याला म्हणाला, "अर्धा तास आधी मिळाल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती." तो कुणाला दोष देत नव्हता, आपल्या कामाचं बोलत होता. पण मामा तिथेच भिंतीला धरून खाली बसले.

बाई वाचल्या. पुढे पायही थोडे चालायला लागले. पण निम्म्या गावाचे कान उपटणारी ती जीभ काही परत आली नाही. दुकानासमोर काठी टेकत थांबायच्या, मामांकडे बघायच्या, आणि काहीतरी विचारायचा प्रयत्न करायच्या. मामांना तो प्रश्न तोंडपाठ होता. उत्तर मात्र देता यायचं नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी अँब्युलन्स गेल्यावर मामा पिशवी भरत होते. तो पोलीस दाराला कडी लावत म्हणाला, "पुलावर फार गर्दी होती का, मामा?"

"हो," मामा म्हणाले. "फार."

"मी आलो तेव्हा मोकळा होता," पोलीस सहज म्हणाला, आणि खाली उतरायला लागला. त्याने सहजच म्हटलं होतं. मामांना मात्र वाटलं, याला कळलं. हा आता विचारणार. त्यांनी घाईने पिशवी गाडीत टाकली, गाडी सुरू केली, मागे घेताना ब्रेक दाबला, आणि पोलिसाने हात वर केला.

"मामा, डावा ब्रेकलाइट गेलाय तुमचा."

मामांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, पंजे उघडे, बोटं फाकलेली. काही न विचारता. पोलीस खिडकीशी आला आणि ते हात बघून गोंधळला.

"अहो, घाबरू नका. त्यासाठी आता थांबवत नाही आम्ही. पण अंधार पडलाय आणि तुमचा हात बघितला मी, कापतोय. मागून कुणी ठोकलं तर? चला, मी मागे राहतो तुमच्या घरापर्यंत."

"नको साहेब," मामा म्हणाले. "कशाला?"

"मला त्याच बाजूला जायचंय. चला."

माणूस चांगला होता. खरोखर चांगला होता, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. तो मागे अंतर ठेवून येत होता, दिवा फिरवत नव्हता, भोंगा वाजवत नव्हता. दोघं पुलावरून गेले. पूल मोकळाच होता. मामांना आरशात त्या दोन हेडलाइटांशिवाय काही दिसत नव्हतं. ते इतकी वर्षं ज्याला भीत होते ते आता होत होतं, आणि त्याला मदत म्हणायचं होतं. वळण आलं की ते दिवेही वळायचे. मामांनी वेग कमी केला की तेही कमी करायचे. मामांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला हात उचलायचा धीर होईना.

आपली गल्ली आली. सलूनचा दिवा दिसला, दुकान दिसलं, आणि दारात मामी उभ्या दिसल्या. फोनवर काही कळेना म्हणून त्या केव्हाच्या बाहेर येऊन थांबल्या होत्या. त्यांनी गाडी ओळखून हात वर केला.

मामांना थांबता आलं नाही. इथे ब्रेक दाबला की यांना घर कळणार. दार कळणार, बायको कळणार. डोक्यात दुसरं काही शिरायलाच तयार नव्हतं. ते सरळ समोर बघत, ओळख नसल्यासारखे, आपल्याच दारावरून पुढे निघून गेले. मामींचा वर केलेला हात तसाच राहिला, आणि मग त्यांना मागची गाडी दिसली.

पुढच्या चौकात आपलं वळण येताच पोलिसाने दिवे दोनदा लुकलुकवून निरोप घेतला आणि तो उजवीकडे निघून गेला. मामांनी गाडी आणखी बरीच पुढे नेली. एका बंद पेट्रोलपंपाशी थांबले. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग त्यांना रडू आलं, आधी बाईंचं, मग स्वतःचं. सावकाश वळून ते घरी आले, तर घराला बाहेरून कुलूप.

सलूनवाला फरशी धूत होता. मामांना बघून त्याच्या हातातला झाडू थांबला.

"मामा, तुम्ही इथे? अहो, मामी चौकीत गेल्या. तुम्हाला पोलिसांनी नेलं म्हणाल्या. मी म्हटलं थांबा, बरोबर येतो, तर थांबल्यासुद्धा नाहीत."

मामांनी गाडीकडे बघितलं, मग पिशवीकडे. दोन्ही तिथेच सोडून ते पायी निघाले. चौकी दूर नव्हती, पण त्या बाजूच्या फुटपाथवरून ते इतक्या वर्षांत एकदाही गेले नव्हते. चौकीच्या काचेच्या दारापाशी पोचले आणि थांबले. आत दिवे लख्ख होते. मामी टेबलासमोर उभ्या होत्या, पायांत घरातल्याच चपला, छातीशी दुकानाचा परवाना धरलेला. टेबलामागचा हवालदार त्यांना समजावत होता, आणि दार अर्धवट उघडं असल्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"बाई, किती वेळा सांगू? आम्ही कोणालाही आणलेलं नाही. आता तसं आणत नाहीत. तुम्ही घरी जा."

"मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात तुम्ही," मामी म्हणाल्या. "पहाटेपर्यंत हेच म्हणत होतात. आणि ते आतल्या खोलीत होते."

त्या बाकावर जाऊन बसल्या आणि परवाना त्यांनी मांडीवर ठेवला. त्यांना उठवायला हवालदाराच्याने झालं नसतं. ते फक्त मामांच्यानेच होणार होतं, आणि त्यासाठी त्या दारातून आत जावं लागणार होतं. मामांनी दाराला हात लावला. मग काढून घेतला. बाहेरच्या पायरीवर उभे राहून, काचेतून बायकोकडे बघत, ते किती तरी वेळ हाक मारायचा प्रयत्न करत राहिले.